कँडीची रिक्षा आणि आमचे तेराशे रुपये



गेल्या आठवड्यात मंडळातल्या एका वैनींचा फोन आला. त्यांच्या घरची सहा माणसं श्रीलंकेला निघाली आहेत. आम्ही २०२४ च्या फेब्रुवारीत जाऊन आलो हे त्यांना माहीत होतं. "बस एसी होती ना? आणि जेवणाचं कसं?" एवढंच विचारायचं होतं त्यांना. मला उत्तर द्यायला पाऊण तास लागला. फोन ठेवल्यावरही बोलणं अर्धवट राहिल्यासारखं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

बस एसी होती. खुर्च्या मऊ होत्या, काचांना पडदे होते. तरी मी वैनींना सांगितलं, जमेल तेव्हा ती बस सोडा आणि रिक्षा करा. पुढे आणखी एक सांगितलं, ते त्यांना फारसं रुचलं नाही. रिक्षा केलीत की भाड्यावरून त्या माणसाचा जीव काढू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाही. आम्ही तो काढला होता.

आधी बसचं सांगते. टूरवाल्यांनी बुकिंगच्या वेळी छातीठोकपणे सांगितलं होतं, जैन जेवण मिळेल, सूर्यास्ताच्या आत मिळेल. आता श्रीलंका विषुववृत्ताजवळ. तिथे वर्षभर सूर्य सहा ते साडेसहाच्या आसपासच मावळतो. आपल्याकडे जूनमध्ये सात वाजले तरी उजेड असतो, ती सवलत तिथे नाही. पहिल्या दिवशी विमानतळावरून दांबुल्लाला पोचेपर्यंत पावणेआठ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिगिरियाचा खडक, मग कँडीच्या वाटेवर माताळेला मसाल्याची बाग, आणि कँडीत शिरल्यावर रत्नांचं दुकान. बागेत एक तास म्हणाले होते, दीड लागला. दुकानात अर्धा तास म्हणाले होते, तिथेही दीड. हॉटेलात ताटं मांडली गेली तेव्हा सव्वासात वाजले होते.

सासूबाई, वन्सं आणि मी, तिघींनी दोन्ही रात्री पाण्याचा घोटही न घेता झोपलो. उपास आपल्याला नवा नाही, त्याचं काही वाटत नाही. पण ठरवून केलेला उपास वेगळा आणि कुणीतरी दुकानात बसवून ठेवल्यामुळे घडलेला वेगळा. टूर मॅनेजरला मी म्हटलं, तर तो हसून म्हणाला, "मॅडम, एक-दोन दिवस ॲडजस्ट करा ना." हा आपल्याच भागातला मुलगा. जैन शेजाऱ्यांत वाढलेला असणार.

तिसऱ्या दिवशीचा कार्यक्रम पाहिला: दुपारी खरेदी, पाच वाजता कँडीचे पारंपरिक नाच, मग दंतमंदिर, मग जेवण. वन्सं म्हणाल्या, "आज आपण नाही जायचं ह्यांच्याबरोबर." मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांना नाच बघायचे होते. "तुम्ही तिघी एकट्या?" असं विचारून ते बसमध्ये चढले. तिघी मिळून एकट्या कशा, हे मला अजून कळलेलं नाही.

हॉटेलच्या खाली वळणावर रिक्षा उभ्या असतात. आपल्याच रिक्षा हो! तिकडे त्यांना थ्री-व्हील म्हणतात, परदेशी लोक टुकटुक म्हणतात, पण बहुतेक सगळ्या बजाजच्या. लाल, निळ्या, हिरव्या, आत रंगीत रेक्झिन, पुढे काचेजवळ छोटी बुद्धमूर्ती. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात नोंदलेल्या तीनचाकी दहा लाखांवर आहेत, म्हणजे दर गल्लीत एक असणारच. सुरू झाल्यावरचा आवाज ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर सांगलीची." बसच्या उंच पायऱ्या चढताना त्यांच्या गुडघ्यांचे हाल व्हायचे. रिक्षाची पायरी बुटकी. एक पाय टाकला की बूड टेकलं. तिथे उजवी बाजू बहुधा बंद असते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला त्या कडेला बसवलं की काळजी नाही.

आम्हाला पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानात जायचं होतं. कँडीपासून सहा किलोमीटर. चालक पन्नाशीचा, अंगात स्वच्छ बुशशर्ट, इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं. जाणं, तिथे दीड तास थांबणं आणि परत आणणं, याचे त्याने बावीसशे सांगितले. वन्सं आमच्या घरातल्या घासाघिशीच्या राणी. लक्ष्मीपुरीत भाजीवाल्या त्यांना लांबून ओळखतात. त्या म्हणाल्या, "हजार." तो हसला. वन्सं चालू लागल्या. त्याने हाक मारली. अठराशे, पंधराशे, करत करत तेराशेवर आणला. मीसुद्धा मधे मधे मान हलवून साथ देत होते, हे कबूल करते. त्या वेळी मला अभिमानच वाटत होता.

रस्ता महावेली नदीकडे उतरत जातो. उघड्या रिक्षातून जे दिसतं ते बसच्या पडद्याआडून दिसत नाही. शाळा सुटलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली, नारिंगी शहाळ्यांचे घड (त्याला थंबिली म्हणतात, आपल्या शहाळ्यापेक्षा जरा गोड), पानाच्या दुकानात लटकलेल्या लॉटरीच्या तिकिटांच्या माळा. वास येतात, धूर येतो, माणसं बघून हसतात. सासूबाईंनी एका सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईच्या कडेवरचं बाळ खेळवलं. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती.

चालकाने आरशातून विचारलं, जेवायला कुठे जाणार? मी सांगायला लागले की आम्हाला संध्याकाळी लवकर जेवायचं असतं, सूर्य मावळल्यावर खात नाही. नेहमीप्रमाणे मी स्पष्टीकरणाची तयारी केली: का, कशासाठी, तब्येतीचं आहे का, देवाचं आहे का. त्याने काही विचारलंच नाही. म्हणाला, "माझी आई पोयाला दुपारनंतर खात नाही."

पोया म्हणजे पौर्णिमा. तिथे दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी मांस आणि दारू विकत नाहीत. भाविक पांढरे कपडे घालून विहारात जातात आणि आठ शीलं घेतात, त्यातलं एक म्हणजे मध्यान्हानंतर अन्न न घेणं. त्यांचे भिक्खू तर रोजच दुपारनंतर जेवत नाहीत. तो म्हणाला, तुमचं तरी सूर्यास्तापर्यंत चालतं, सोपं आहे. सासूबाईंना मी मराठीत सांगितलं, तर त्या इतक्या खूश झाल्या की पुढे दहा मिनिटं त्या मराठीत आणि तो सिंहलीत बोलत होते. जे आपल्या टूरवाल्या मुलाला दोन दिवसांत कळलं नाही, ते या माणसाला एका वाक्यात कळलं. कारण त्याच्या घरात ते होतं.

उद्यान फार मोठं आहे, जवळजवळ दीडशे एकर. ताडांच्या लांबच लांब रांगा, आणि हिरवळीवर छत्रीसारखा पसरलेला एक अवाढव्य जावा-वड. त्याच्या सावलीत आम्ही बसलो आणि वेळेचं भान सुटलं. दीड तास ठरला होता, बाहेर यायला तीन लागले. तो फाटकाशी उभा होता. घड्याळाकडे बोट दाखवलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. "भूक लागली असेल," एवढंच म्हणाला, आणि परतीच्या रस्त्यावरून वाट वाकडी करून आम्हाला एका तमिळ माणसाच्या शाकाहारी खाणावळीत घेऊन गेला. आत येऊन स्वयंपाक्याला त्यानेच समजावलं. आम्हाला दोन शब्दही शिकवले: कांदा म्हणजे लूनु, लसूण म्हणजे सुदुलूनु, आणि नको म्हणजे एपा. "लूनु एपा" म्हटलं की काम होतं. आणि एक महत्त्वाचं सांगितलं, ते मी तुम्हालाही सांगते. तिथलं खोबऱ्याचं लाल संबोल दिसायला आपल्या ओल्या चटणीसारखं असतं, पण त्यात पुष्कळदा उंबलकड घालतात. तो सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. विचारल्याशिवाय चमचाही लावू नका. आम्ही आदल्या दिवशी नाश्त्याला ते ताटात वाढून घेतलं होतं. कसं कोण जाणे, खाल्लं नव्हतं.

पावणेपाचला आम्ही जेवायला बसलो. साधी इडली, दही, कांद्याशिवायची खोबऱ्याची चटणी. दोन रात्रींनंतरचं ते पहिलं संध्याकाळचं जेवण. तो बाहेर रिक्षात बसून होता. सव्वापाचला हॉटेलवर सोडलं. मी तेराशे मोजून दिले. त्याने घेतले, "इस्तुती" म्हणाला आणि गेला.

रात्री सासूबाईंनी विचारलं, "त्याला किती दिलंस?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग पाय चेपता चेपता म्हणाल्या, "आपल्या स्टँडवरचा असता तर तीन तासांत शिव्या घातल्या असत्या."

तेव्हा मी मोबाईल घेऊन बसले. तिथे पिकमी नावाचं ॲप आहे, आपल्या उबरसारखं. उबरही आहे. पिकमीवर आमच्या हॉटेलपासून उद्यानापर्यंतचं एका बाजूचं भाडं पाहिलं. साधारण साडेसहाशे. म्हणजे जायचे आणि यायचे मिळून तेराशे. त्याचे उद्यानासमोरचे तीन तास, खाणावळीची वाकडी वाट, तिथला अर्धा तास, स्वयंपाक्याशी बोलणं, हे सगळं आम्ही फुकटात घेतलं होतं. बावीसशे कदाचित जरा जास्त असतील, हेही खरं. पण त्यात त्याने आपला वेळ धरला होता. आम्ही नेमका तोच कापला आणि वर दुपटीने वापरला.

पुढचा हिशेब आणखी वाईट होता. तेव्हा आपल्या एका रुपयाला तिथले पावणेचार रुपये पडत होते. वन्संनी जे नऊशे वाचवले ते आपले दोनशे चाळीस. तिघींत वाटले तर प्रत्येकी ऐंशी. तिथले शंभर रुपये ऐकले की आपल्या डोक्यात आपले शंभर उभे राहतात आणि आपण त्यासाठी भांडतो, पण ते सत्तावीस असतात. आणि आदल्या दिवशी टूरने नेलेल्या दुकानात मी बाटिकचं एक कापड साडेसात हजारांना घेतलं होतं. तिथे एसी होता, काउंटरवर टाय लावलेला माणूस होता, पाटीवर किंमत छापलेली होती. मी तोंडातून शब्द काढला नाही. आपण घासाघीस कुठे करतो आणि कुठे करत नाही, हे एकदा लिहून काढलं ना, तर आपल्याबद्दल बरंच कळेल.

हे म्हणाले, "ठरले तेवढे दिले. त्यात चुकलं काय? त्याने कबूल केलं होतं की." बरोबर आहे, त्याने तेराशे कबूल केले होते. पण दीड तासासाठी. आणि कबूल का केले, तेही बघायला हवं. २०२२ मध्ये त्या देशाजवळ पेट्रोल घ्यायला परकीय चलन उरलं नव्हतं. पंपांवर दिवसदिवस रांगा लागल्या होत्या, काही माणसं रांगेतच दगावली. जुलैत सरकारने क्यूआर कोडवर पेट्रोल द्यायला सुरुवात केली, तेव्हा तीनचाकीच्या वाट्याला आठवड्याला पाच लिटर आलं होतं. पाच लिटरमध्ये रिक्षावाल्याने आठवडा काढायचा! ती मापाची पद्धत २०२३ मध्ये संपली. शिवाय २०२० च्या मार्चपासून बाहेरून गाड्या आणणंच बंद होतं, आम्ही गेलो तेव्हाही. म्हणून जुन्याच रिक्षा ठोकूनठाकून चालवत होते. आमच्या रिक्षाच्या सीटला तीन ठिकाणी टाके होते. अशा माणसासमोरून गिऱ्हाईक चालू लागलं की तो हाक मारणारच. त्याला आपण "पटवला" म्हणायचं का?

आपण पाठशाळेत अचौर्य अणुव्रताचे अतिचार घोकलेत. त्यात एक हीनाधिक मानोन्मान आहे, देताना कमी मापाने देणं आणि घेताना जास्त मापाने घेणं. लहानपणी मला वाटायचं हे फक्त वाण्यांसाठी आहे, तराजू-वजनांचं. आमच्या घरी दुकान नाही, तेव्हा आपण सुटलो. वन्संना मी त्या रात्री हे म्हटलं तर त्या रागावल्या. "भाव करणं म्हणजे चोरी का? मग बाजारच बंद करा." त्यांचंही अगदीच चूक नाही. भाव करणं चोरी नव्हे. पण दीड तासाचा भाव करून तीन तास घेणं ही मापातलीच गोष्ट आहे, असं माझं मत झालंय आणि ते अजून बदललेलं नाही. आमचं दोघींचं त्यावरून पुढे दोन दिवस जेमतेम बोलणं होतं.

सकाळी साडेसहाला बस नुवारा एलियाला निघणार होती. मी सहाला खाली वळणावर जाऊन आले. दोन रिक्षा होत्या, त्याची नव्हती. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. काय वर्णन सांगणार, बुशशर्ट आणि बुद्धमूर्ती? ते तर सगळ्यांकडे होतं. रिसेप्शनवर पाकिटात दीड हजार ठेवले, सीटला टाके असलेल्या रिक्षाचा चालक असं सांगितलं. पोचले की नाही, कळायला मार्ग नाही.

आता वैनींना जे सांगितलं ते थोडक्यात. बसण्याआधी भाडं ठरवायचंच, त्याला पर्याय नाही. कोलंबोत मीटरच्या रिक्षा मिळतात, बाहेरगावी बहुतेक ठरवूनच जावं लागतं. ॲपवर आकडा बघून घ्या, तो दोघांच्याही कामाचा असतो. एकाने कोलंबोत आम्हाला ॲपच्या दुप्पट सांगितले, तेव्हा मी मोबाईल दाखवला आणि तोही हसून तयार झाला. तिथे मऊपणा दाखवायची गरज नाही. थांबायला सांगणार असाल तर त्याचे पैसे वेगळे ठरवा, आणि उशीर झाला तर न मागता द्या. कुणी रस्त्यात गाठून "आज मंदिरात मोठी यात्रा आहे, फक्त आजच हत्ती आहेत" म्हणाला तर चालू पडा, बहुतेक वेळा ती यात्रा एखाद्या रत्नांच्या दुकानात संपते. अर्थात तिथे टूरची बसही नेतेच, फक्त जास्त माणसं एकदम नेते. आणि बँकॉकला जाणार असाल तर हा सल्ला तसाच उचलू नका. तिथल्या टुकटुकला मीटर नसतं, मीटरची टॅक्सी बऱ्याचदा स्वस्त पडते.

राहिला घरच्यांचा प्रश्न, बायका एकट्या कशा जाणार. त्याला मी एवढंच म्हणेन की आम्ही दिवसाउजेडी गेलो, हॉटेलचं कार्ड जवळ ठेवलं, रिक्षाच्या नंबराचा फोटो ह्यांना पाठवला. दिवे लागायच्या आत परतायचं होतंच, त्याची काळजी आपलं व्रत घेतं.

शेवटच्या दिवशी कोलंबोत सगळे मॉलमध्ये गेले. वन्सं स्वतःहून म्हणाल्या, "चला, रिक्षा बघू." मीटरची मिळाली. गॉल रोडने वेल्लवत्तेला गेलो. तिथे तमिळ वस्ती आहे आणि शैव पाट्यांच्या शाकाहारी खाणावळी आहेत. "लूनु एपा" म्हणत पाचलाच जेवलो. रिक्षा सोडली नव्हती. परत येताना तो मरीन ड्राइव्हने आला. हो, तिथेही मरीन ड्राइव्ह आहे, रस्ता, त्याला लागून आगगाडीचे रूळ आणि रुळांपलीकडे लगेच समुद्र. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. सासूबाई म्हणाल्या, "थांबव त्याला. माळ करून घेते."

त्याने कडेला घेऊन इंजिन बंद केलं. सासूबाईंनी पर्समधून जपमाळ काढली. एक लोकल खडखडत गेली, दारांत माणसं लोंबकळत होती. वीसेक मिनिटं आम्ही चौघं तशीच बसून होतो. माळ संपली, अंधारायला लागलं.

"थांबायचे किती धरायचे?" वन्संनी विचारलं.

त्याने मीटरकडे बोट दाखवलं. ते चालूच होतं.